फ्रान्समधलं फिजाकचं घर सोडतेय

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई लगेच "आमच्यामुळे नको गं" म्हणाली असती आणि बाबांनी फोन तिच्या हातात देऊन पेपर उघडला असता. म्हणून लिहितेय. घराची नोटीस दिली. १२ नोव्हेंबरला किल्ली परत करायची. दिवाळी हुकेल, तुळशीच्या लग्नाला मात्र मी असेन.

तुमच्यामुळे नाही, हे दोनदा वाचा. बाबांच्या अँजिओग्राफीच्या आधीच मी पुण्याला बदली मागितली होती. काम तेच, हुद्दाही तोच. आणि हो, राहणार पुण्यातच, सांगलीत नाही. आई, रुसू नकोस. रात्री निघाले तरी पहाटे दारात असेन. इथून नुसतं तुलूझ गाठायला रेल्वेने अडीच तास लागतात, विमान त्यापुढे. नानांच्या वेळी झालं तसं पुन्हा नको, एवढंच.

घाईत काही सोडून येत नाहीये. घर सामानासकट भाड्याचं, म्हणून नोटीस एकाच महिन्याची. पण तो महिना पत्र मालकिणीला मिळाल्या दिवसापासून धरतात, पाठवल्या दिवसापासून नाही. रजिस्टर पत्र पोस्टात पडून राहिलं तर भाडं आपल्याच अंगावर वाढतं. म्हणून हातात दिलं आणि तारखेसह सही घेतली. बाबा, खूश?

डिपॉझिटचं विचारालच. घरात शिरताना केलेली यादी जाताना खोलीन् खोली ताडून बघतात. जुळली तर पैसे महिनाभरात, नाही जुळली तर दोन महिन्यांत. उशीर झाला तर दर महिन्यामागे भाड्याच्या १० टक्के जास्त द्यावे लागतात, पण आपण नवा पत्ता कळवला असेल तरच. मी सांगलीचा दिलाय. फ्रेंच पाकीट आलं तर रद्दीत टाकू नका, फोडून फोटो पाठवा. पैसे येईपर्यंत इथलं बँक खातं बंद करणार नाही.

वापराने झिजलेल्या वस्तूचे पैसे कापता येत नाहीत, घाणीचे येतात. त्यामुळे सध्या व्हिनेगरचा कारभार चालू आहे. शॉवरच्या जाळीवर क्षाराचा पांढरा थर बसतो, घासून निघत नाही. पिशवीत कोमट पांढरं व्हिनेगर भरून ती शॉवरच्या तोंडाला रबराने बांधायची, रात्रभर ठेवायची, सकाळी जुन्या ब्रशने घासायचं. खिळ्यांची भोकं लांबीने (पुट्टीने) बुजवून, वाळल्यावर पॉलिशपेपर मारायचा. ओल्यावर मारला की खळगा पडतो. वीज किल्लीच्या दिवशीच बंद होईल. आदल्या दिवशी तोडली तर गीझर चालतो हे दाखवणार कसं? मीटरच्या आकड्याचा फोटो त्याच वेळी काढायचा, म्हणजे शेवटच्या बिलावरून वाद नको. घराचा विमाही त्या दिवसापर्यंत चालू.

बाबा, इथे भरलेलं पेन्शन बुडत नाही. भारत-फ्रान्स करार १ जुलै २०११ पासून लागू आहे. हक्क ठरवताना दोन्हीकडची वर्षं जोडतात. सगळ्या पगारपावत्या मी हातातल्या बॅगेत ठेवतेय.

जेवणाची काळजी नको. भांडी मालकिणीची, ती शेवटपर्यंत ओट्यावरच. डाळ-तांदूळ पुरेसे आहेत, शनिवारच्या बाजारात अक्रोड आलेत. शेळीच्या दुधाचं रोकामादूर चीज, ३५ ग्रॅमची ती चकती, मीच संपवते. तुम्हाला त्याचा वास झेपणार नाही. आईला इथल्या केर्सी भागातलं केशर आणतेय, २ ग्रॅम. एका ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुलं लागतात, तेव्हा श्रीखंडात भसकन ओतू नकोस. कोमट दुधात काही तास भिजव. उकळत्या दुधात वास उडून जातो.

बाबा, इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोलियोंच्या घराशेजारच्या चौकातली ती रोझेटा शिलेची प्रतिकृती, काळ्या ग्रॅनाइटची, जिच्यावरून चालता येतं, तिचे फोटो तुमच्यासाठी पुन्हा काढलेत, तिन्ही लिप्या नीट दिसतील असे. माझ्या वह्यांवर तुम्ही शाईने नाव घालायचात ना, तसं सुबक कोरलंय.

आता ऐका. मुंबईला न्यायला यायचं नाही, गाडी मी ठरवलीय. बाबांनी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला एकट्याने बँकेत जाऊ नये, शेजारच्या काकांना बरोबर न्यावं. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. बाथरूममध्ये दांडी बसवून घ्या. चिकटवायची नको, टाइलवरून सुटते. भिंतीत ड्रिल मारून, स्क्रूने. आणि माझ्या खोलीतली कॉट हलवू नका, बाबांनी तर मुळीच नाही. मी आल्यावर बघू.

तुमची,
बबडी