शंभर मीटरच्या आत आणि बाहेर

संपादक महोदय,

शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत एका जुन्या वाड्यात आम्ही भाडेकरू आहोत. २०१० च्या पुरातत्त्व कायदा दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवतीच्या या पट्ट्यात नव्या बांधकामाला बंदी आहे. दुरुस्ती करता येते, तीही परवानगीने. पण तुळईला लोखंडी टेकू, माडीवर एका वेळी चौघांनीच जायचे आणि पावसाळ्यात धोकादायक इमारतीची नोटीस, अशा वाड्याची दुरुस्ती ती काय करणार? मालक पैसा घालत नाही. आमच्या पागडीच्या भाड्यात तर छताची एक कडीही बदलून होणार नाही.

उलट या पट्ट्याबाहेर, सदाशिव, नारायण पेठेत बिल्डर एका आठवड्यात वाडा भुईसपाट करतो. दारावरची गणेशपट्टी आणि कोरीव खांब भंगारवाल्याकडून थेट कुणाच्या तरी फार्महाउसवर. खाली शोरूम, वर फ्लॅट, पार्किंगचा पत्ता नाही. म्हणजे आत माणसे मरायला टेकली, बाहेर वाडे.

माझी सूचना साधी आहे. शंभर मीटरच्या आत जुन्या उंचीएवढ्याच पुनर्बांधणीला मुभा द्यावी. त्यासाठी केंद्राने कायदा बदलावा. बाहेर दर्शनी भाग आणि पहिला चौक राखणाऱ्या मालकालाच टीडीआरचा (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काचा) मोबदला मिळावा, आणि तोही वेळेत. दुकाने हवीतच, तुळशीबाग, मंडई ही काय संग्रहालये आहेत? विश्रामबागवाड्याच्या पुढ्यात रोज बाजार भरतो, त्याने १८०७ च्या त्या वाड्याचे काही बिघडलेले नाही.

– एक भाडेकरू, शनिवार पेठ, पुणे