काकू, वहीच्या समासासाठी आभार

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. "ते राहू दे गं, बाबा जेवतात का नीट ते सांग," म्हणता, मग मी बाबांबद्दल बोलत बसते आणि आभार राहूनच जातात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझं नाव घालू नकोस. कृती मात्र नीट लिही, कोणाच्या तरी उपयोगी पडतील." तेव्हा नाव नाही, कृती आहेत.

बाबा मोठ्या दुखण्यातून उठले तेव्हा पानगळ नुकती सुरू झाली होती. ताप गेला होता, तपासण्या चांगल्या आल्या होत्या, पण अन्नावरची वासनाच उडाली होती. कवळी सैल झाली होती, मीठ कमी करायला सांगितलं होतं आणि दोन घास खाऊन ते ताट सरकवायचे. त्यांच्यासाठी वेगळं पातळ, मुलांसाठी त्यांच्या आवडीचं, आम्हा दोघांना जे उरेल ते, असं चाललं होतं. दिवसभर गॅस पेटलेला असायचा आणि एका टेबलाशी मात्र कोणीच एकत्र बसत नव्हतं. तुम्ही वरच्या मजल्यावरून खाली आलात, ओट्यावरची चार पातेली बघितलीत आणि म्हणालात, "एकच भांडं शिजव. सगळ्यांनी त्यातलंच खायचं. ज्याला पातळ हवं त्याच्या वाटीत पाणी घाल, ज्याला दाट हवं तो पाव बुडवून खाईल."

आणि मग ती वही दिलीत. डाव्या पानावर साहित्य, उजव्या पानावर कृती, आणि समासात बारीक अक्षरात प्रत्येक गोष्टीचं कारण. पाककृती मला कुठूनही मिळाल्या असत्या हो. पण "हे असं का" हे तुम्ही लिहून दिलंत म्हणून मला बाबांसाठी त्यात फेरफार करण्याचं धाडस झालं. कशाला हात लावला तर चालतं आणि कशाला लावायचाच नाही, हे त्या समासामुळे कळलं. माझे खरे आभार त्यासाठी आहेत.

लाल भोपळ्याच्या सुपापासून सुरुवात करते, कारण आमच्या घराचं गाडं तिथूनच रुळावर आलं. तुम्ही आधी भोपळा निवडायला शिकवलंत. देठ वाळून कडक झालेला हवा, साल इतकी टणक की नखाची खूण उमटू नये. अख्खा भोपळा फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, 10 अंश सेल्सिअसच्या खाली तो गारठून बिघडायला लागतो. 10 ते 13 अंशांच्या कोरड्या, हवेशीर जागी मात्र चांगल्या जातीचा भोपळा काही महिने टिकतो, आणि सुरुवातीचे काही आठवडे त्यातल्या पिठाची साखर होत असल्यामुळे गोडीही वाढते. मी भाजी घरात आली की सरळ फ्रिजमध्ये टाकणाऱ्यांतली, त्यामुळे ही ओळ मी अधोरेखित करून ठेवली आहे.

कृती अशी: एक किलो भोपळ्याचे मोठे तुकडे करायचे, बिया काढायच्या, साल तशीच ठेवायची. तेलाचा हात फिरवून ट्रेमध्ये पसरायचे, सोबत लसणाच्या पाचसहा पाकळ्या सालासकट, आणि 200 अंशांवर पाऊण तास भाजायचं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर, झाकण न ठेवता. उकडून का नाही, तर उकडल्यावर भोपळा पाणी धरतो आणि चव पातळ होते. भाजल्यावर पाणी उडून जातं, गोडी आटते आणि कडा तपकिरी होतात. तुमच्या समासात इथे लिहिलंय, "कडा तपकिरी झाल्याशिवाय बाहेर काढू नकोस, सगळा वास तिथे आहे." लेकीने शाळेच्या अभ्यासात यामागचं रसायनशास्त्र शोधून काढलं. लुई-कामी मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये दाखवलं की अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, आणि साखर एकत्र तापली की हा तपकिरी रंग तयार होतो. पावाची साल, भाजलेली कॉफी, खरपूस कांदा, सगळ्यांच्या वासामागे याच क्रियेचा मोठा हात आहे. ती हे बाबांना टेबलावर सांगत होती आणि बाबा ऐकता ऐकता वाटी संपवत होते. त्या वेळी मी काही बोलले नाही, फक्त तुम्हाला मेसेज केला. आठवत असेल तुम्हाला.

दोन कांदे उभे चिरून थोड्या लोण्यावर मंद आचेवर परतायचे. "कांदा पाच मिनिटांत तपकिरी होतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस," हेही तुमचंच. खरा मऊ, गोड, मधाच्या रंगाचा कांदा व्हायला चाळीस मिनिटं तरी लागतात. बुडाला लागायला लागला की चमचाभर पाणी घालून खरवडायचं, ती खरवड वाया घालवायची नाही. मग भोपळ्याचा गर, सालीतून पिळून काढलेला मऊ लसूण आणि साधारण तीन पेले गरम पाणी घालून दहा मिनिटं उकळायचं आणि मिक्सरमधून काढायचं. भांडं अर्ध्याच्या वर भरू नये, झाकणातलं छोटं भोक उघडं ठेवून वर फडकं धरावं. गरम सुपाची वाफ कोंडली तर झाकण उडतं आणि हात भाजतो. शेवटी जायफळ, मिरपूड.

बाबांच्या वाटीसाठी तुम्ही जे सुचवलंत ते या कृतीत नव्हतं, ते तुम्ही नंतर पेन्सिलने लिहिलंत. वाटी आधी गरम पाण्याने तापवून घे, कारण चवीचा मोठा भाग नाकाने कळतो आणि गरम अन्नाचा वास जास्त उठतो. मीठ वाढवू नकोस, वाढताना लिंबू पिळ, आंबटपणाने आहे तेवढंच मीठ जिभेला जास्त जाणवतं. आणि लोण्याचा तुकडा वरून घालच. भोपळ्याच्या केशरी रंगातलं जे बीटा कॅरोटीन आहे ते स्निग्ध पदार्थासोबत अंगी जास्त लागतं, शिवाय दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या पोटात थोड्या घासांत जास्त शक्ती जायला हवी. डॉक्टरांना विचारून घेतलं होतं मी, तेही हो म्हणाले. लिंबाचा तो एक थेंब पडल्यावर बाबांनी पहिल्यांदा मान वर केली आणि विचारलं, "आज काय घातलंयस यात?" कितीतरी दिवसांनी त्यांनी जेवणाबद्दल काहीतरी विचारलं होतं.

भोपळ्याचा विषय निघालाच आहे तर, बाबांना इतिहासाची आवड, म्हणून मी त्यांना वाचून दाखवलं होतं की मेक्सिकोत गिला नाकित्स नावाच्या गुहेत लागवडीच्या भोपळ्याच्या सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. म्हणजे त्या खंडातल्या लोकांनी फार आधी जी पिकं हाताशी धरली त्यांतलं हे एक. तेव्हापासून भोपळा चिरला की बाबा बिया फेकू देत नाहीत. धुऊन, वाळवून, तव्यावर तडतडेपर्यंत भाजायच्या आणि सुपावर घालायच्या हे त्यांचं काम झालंय. त्यांना स्वतःला चावत नाहीत, पण नातवंडांसाठी भाजतात.

आता राजमा. हा मी जरा सविस्तर लिहिते, कारण यात चूक झाली तर ती चवीपुरती राहत नाही. कच्च्या लाल राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, फायटोहिमॅग्लुटिनिन. नीट न शिजलेले थोडे दाणेही पोटात गेले तरी काही तासांत उलट्या आणि पोटदुखी सुरू होऊ शकते. तुमच्या समासात हे लाल शाईने लिहिलंय. रात्रभर भरपूर पाण्यात भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, ताजं पाणी घेऊन आधी खळखळ उकळी आणायची आणि ती कमीत कमी 10 मिनिटं, खरं तर अर्धा तास चालू ठेवायची. त्यानंतरच आच मंद करायची. मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात कच्चा राजमा थेट टाकायचा नाही, कारण ते भांडं पुरेसं तापत नाही आणि 80 अंशांच्या आसपास अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या धाकट्या भावाने नवीन बिऱ्हाड केलं तेव्हा असंच भांडं घेतलं होतं, त्याला मी त्याच दिवशी तुमच्या पानाचा फोटो पाठवला.

बाकी कृती सोपी. भिजवताना पाण्यात चमचाभर मीठ घातलं की साल मऊ होते, आणि पाणी फेकायचंच असल्यामुळे बरंचसं मीठ त्याच्याबरोबर जातं. टोमॅटो मात्र राजमा बोटाने चिरडण्याइतका मऊ झाल्यावरच. आंबट आधी पडलं की दाणा तासन्‌तास कडकच राहतो. गाजर, सेलरी किंवा जी कोणती कंदमुळं हाताशी असतील ती, तमालपत्र आणि मूठभर मशरूम. मशरूम वेगळ्या तव्यावर, गर्दी न करता, त्यांचं पाणी आटेपर्यंत परतून मग घालायचे. शेवटी एक तृतीयांश राजमा पळीने ठेचून परत भांड्यात ढकलायचा, म्हणजे साय न घालताही रस्सा दाट होतो. बाबांना पूर्ण ठेचलेला, मुलांना अख्खा, भांडं एकच.

दुसऱ्या दिवशी हा जास्त छान लागतो. पण रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही. दोन तासांच्या आत उथळ भांड्यांत काढून फ्रिजमध्ये, तीनचार दिवसांत संपवायचा, नाहीतर फ्रीझरमध्ये.

रताळ्यांचं पान छोटं आहे आणि मला फार आवडतं. रताळं सावकाश तापलं की त्यातलं एक पाचक द्रव्य पिठाची साखर करत राहतं, साधारण 60 ते 75 अंशांच्या दरम्यान. मायक्रोवेव्हमध्ये तो टप्पा झरकन ओलांडला जातो म्हणून ते फिकं लागतं. थंड ओव्हनमध्ये ठेवून मग ओव्हन चालू करायचा आणि सालीतून चिकट पाक गळायला लागेपर्यंत, तास सव्वा तास, वाट बघायची. वर काही घालायची गरज नाही. बाबा चमच्याने खातात, सालीतून.

सफरचंदाच्या मुरंब्यासारख्या प्रकाराबद्दल थोडक्यात: आंबट सफरचंदं, जेमतेम साखर, दालचिनीचा तुकडा, तळाला पाणी. सालीजवळ आणि बियांभोवती पेक्टिन, म्हणजे रस घट्ट करणारं द्रव्य, जास्त असतं, म्हणून साली आणि मधले भाग फडक्यात बांधून सोबत शिजवायचे आणि नंतर पिळून काढायचे. गार झाल्यावर आपोआप दाट होतं. मुलांच्या डब्यात, बाबांच्या सकाळच्या लापशीत, सगळीकडे जातं.

काकू, तुम्ही आता लेकाकडे राहायला गेलात आणि वरचा मजला रिकामा आहे. पण वहीचं म्हणाल तर ती घरात कोणाच्या ना कोणाच्या हातात असतेच. लेकीने समासातलं सगळं वेगळ्या वहीत उतरवून घेतलंय, स्वतःच्या टिपांसकट. भाऊ फोन करून विचारतो, "टोमॅटो आता घालू का?" मीही तुमच्यासारखी कारण सांगते, नुसतं हो किंवा नाही म्हणत नाही. रात्रीचं जेवण आता एकाच वेळी होतं, पाचही जण. बाबांचं वजन भरून आलंय, नवीन कवळी बसलीय आणि परवा त्यांनी पावाची कडक साल मागून घेतली.

या सगळ्यासाठी मनापासून आभार. तुम्ही त्या दिवशी नुसतं सूप करून दिलं असतंत तरी मी ऋणी राहिले असते. तुम्ही ओट्याशी उभं राहून मला ते समजावलंत, माझे सगळे "का" ऐकून घेतलेत, एकदाही कंटाळला नाहीत.

आणि एक निरोप आहे. पुढच्या महिन्यात तुम्ही इकडे येणार असं कळलं. बाबांनी सांगितलंय की त्या दिवशीचा स्वयंपाक ते स्वतः करणार, मी मध्ये यायचं नाही. राजमा करायचा त्यांचा बेत आहे. रात्रीच भिजत घालावा लागेल, तेव्हा एक दिवस आधी फोन करा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची लेक