मूळ चित्र की प्रत, मागे लिहा

संपादक महोदय,

सत्कार असो, वास्तुशांत असो की निवृत्तीचा निरोप समारंभ, हल्ली बेळगावात शाल-श्रीफळासोबत पुतळ्याचे जलरंगातील चित्र सर्रास दिले जाते. राजहंसगडावरील शिवराय आणि चन्नम्मा चौक हे आवडते विषय. के. बी. कुलकर्णींसारखे चित्रकार-शिक्षक लाभलेल्या या शहरात भिंतीवर चित्रे लागावीत, हे चांगलेच. पण ‘हाताने काढलेले’ म्हणून घेतलेले चित्र पुष्कळदा प्रिंट निघते.

‘ओला कापूस फिरवा, रंग सुटला तर अस्सल’ ही दुकानात सांगितली जाणारी युक्ती फसवी आहे. स्वस्त इंकजेटची शाईही पाण्याने सुटते. त्यापेक्षा भिंग घ्या. छपाईत रंगाचे बारीक ठिपके विखुरलेले दिसतात. खऱ्या जलरंगात वॉशच्या, म्हणजे पाणीदार रंगाच्या थराच्या, कडेला गडद रेघ साचते, खरखरीत कागदाच्या खळग्यांत रंगाचे कण बसतात आणि फिकट भागाखाली पेन्सिलीची रेषा सापडते.

अस्सल चित्रातही खोट असतेच. मोबाइलवर चौथऱ्याशी उभे राहून काढलेला फोटो जसाच्या तसा उतरवला, की घोड्याचे पाय खांबासारखे आणि स्वाराचे डोके लिंबाएवढे होते. चौथऱ्यासह पुतळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावरून पाहावे. ब्राँझसाठी ट्यूबमधला काळा वापरला की पुतळा सपाट दिसतो. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग ओल्यातच मिसळू द्यावेत, चकाकीच्या जागी कागद कोरा राखावा. वॉश अर्धवट वाळलेला असताना पुन्हा पाणी लागले, तर फुलकोबीसारखे डाग पडतात आणि ते सहसा जात नाहीत.

भगवा रंगही उडू शकतो. विद्यार्थ्यांच्या स्वस्त संचांतले नारंगी-लाल रंग उजेडात टिकतीलच असे नाही. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो, तो वाचावा. पीओ २० हे कॅडमियम नारंगी टिकते. पीआर ८३, म्हणजे अ‍ॅलिझरिन क्रिमझन हा किरमिजी लाल, फिका पडतो. कागद ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), पूर्ण कापसाचा हवा. कार्ट्रिज पेपर हा चित्रकलेचा पातळ कागद भिजला की फुगून वाकतो आणि फ्रेमच्या काचेला जाऊन टेकतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात हे टेकणेच घात करते. दमट हवेत कागद काचेला चिकटतो, त्यावर बुरशी धरते. म्हणून अ‍ॅसिड-फ्री माउंट, म्हणजे चित्राभोवतीची आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट, घालून कागद आणि काच यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवावे. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून रबरी बटणे लावावीत, म्हणजे हवा खेळते. पावसाची झड बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तर जलरंग लावूच नये.

आणखी एक. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाचे चित्र काढायला स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार आडकाठी नाही. मात्र त्या चित्राचा हक्क साधारणतः चित्रकाराकडेच राहतो. मूळ चित्र विकत घेतले म्हणून त्याच्या शंभर प्रती काढून विकता येत नाहीत. काही विक्रेत्यांना हे ठाऊक नसते, काहींना चांगलेच ठाऊक असते.

तेव्हा विक्रेत्यांनी प्रत्येक फ्रेमच्या मागे एवढे लिहावे: मूळ की प्रत, कागद कोणता, रंग किंवा शाई कोणती, चित्रकार कोण आणि मूळ शिल्प कोणाचे. प्रत विकण्यात गैर काही नाही, फक्त तिला प्रत म्हणावे आणि दरही प्रतीचाच लावावा.

– जलरंगात काम करणारे काही चित्रकार, शहापूर, बेळगाव