धडगावला रुजू होण्याआधी

प्रिय मित्रा,

नेमणूक नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात झाली हे कळलं. कोवळ्या वयातल्या गरोदर पोरी तपासणीला का येत नाहीत, असं विचारलं आहेस. ‘अज्ञान’ हे उत्तर अहवालात लिहायला सोयीचं असतं. खरी अडचण केसपेपरवरच्या एकाच रकान्यात आहे: वय.

वय अठराच्या आत सांगितलं की पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं आपल्याला बंधनकारक. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर ‘लग्न झालंय’ ही सबबही उरली नाही. म्हणजे नवरा आत जाईल ही घरच्यांची भीती खोटी नाही. मग काही जणी सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत फिरकतच नाहीत, आणि काही ‘एकोणीस’ सांगून मोकळ्या होतात. हे दुसरं मला जास्त घातक वाटतं. कार्डावर अतिजोखमीची लाल खूण लागत नाही. कटिभाग पुरता वाढलेला नाही, बाळंतपण अडू शकतं, रक्तदाब वाढून झटके येऊ शकतात, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. शिवाय आधारवरचं वय जुळलं नाही की नोंदणी अडू शकते. गरोदर बायकांसाठीच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे तर अठरा पूर्ण नसताना मिळतच नाहीत.

कायदा टाळ, असं सांगत नाही. पण क्रम तुझ्या हातात आहे. आधी रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, लघवीतली प्रथिनं, टीडीचा (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचा) पहिला डोस, कागदपत्रं नंतर. कळवावं लागणार हेही तिला सासूसमोर नव्हे, एकटीला सांग, तिच्या बोलीत बोलणारी आशाताई सोबत घेऊन. उपचार कशावरही अडणार नाहीत, हे त्याच वाक्यात सांग. पहिल्या भेटीतच सगळं उरकून घे, दुसरी होईलच असं नाही.

पाळीची तारीख विचारून उपयोग नाही. पोरीची पाळी अजून नियमित झालेली नसते, आणि तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या, त्या तिच्या लक्षात राहत नाहीत. होळीच्या आधी की नंतर, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पाळी आली होती का, पोळ्याला उलट्या सुरू झाल्या होत्या का, असं विचार. त्यावरून निघालेला महिना लवकरच्या सोनोग्राफीशी ताडून बघ.

भिल्ल-पावरा वस्तीत सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) चाचणी पहिल्याच रक्तात करून टाक. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलीला नुसत्या लोहाच्या गोळ्या देत राहिलास तर हिमोग्लोबिन हलणार नाही, आणि ‘गोळ्या खात नाही’ म्हणून रागावणं तेवढं होईल. हिमोग्लोबिन 7 च्या खाली दिसलं तर वाट बघू नकोस, वरच्या रुग्णालयात पाठव.

बाकीच्यांना चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, निदान 180 दिवस. कॅल्शियम 500 मिलिग्रॅमची दिवसातून दोनदा, पण लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब, नाहीतर लोह अंगी लागत नाही. चहासोबत तर नकोच. शौचाला काळं होईल हे आधीच सांग. न सांगितल्यास गोळ्या चुलीमागे जातात. ‘गोळ्यांनी बाळ मोठं होऊन अडकेल’ ही समजूतही सासूकडूनच येते, म्हणून गोळ्यांचं बोलणं सासूशीही कर.

दर महिन्याच्या 9 तारखेचं सुरक्षित मातृत्व अभियान चांगलं आहे, पण पाड्यावरचा माणूस तारीख मोजत नाही, बाजार मोजतो. जीप भरून येते ती बाजाराच्या दिवशी. एरवी यायचं तर नवऱ्याची मजुरी बुडते. म्हणून तिची पुढची भेट बाजाराच्या दिवशीच ठेव.

आणि स्थलांतर. दिवाळीच्या आसपास टोळ्या ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्यात या पोरीही असतात. ट्रक निघण्याआधी तिच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड, दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आणि अंदाजे बाळंतपणाचा महिना असू दे. कार्ड पावसा-पाण्यात भिजतं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दे. मुकादमाचा मोबाईल नंबर आशाच्या वहीत हवा. होळीला बरेच जण गावी परततात. त्या आठवड्यात रजा घेऊ नकोस.

तुझा,
जुना मित्र