बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

अमळनेर

चि. सुमेध यास अनेक आशीर्वाद.

पुढच्या महिन्यात तुमचे बिऱ्हाड पुण्याहून चेन्नईस हलणार हे कळले. त्यासाठी तुला तीन ठिकाणचे दर आले असून त्यांपैकी सर्वांत कमी दराचा माणूस तुला बोलण्यात बरा वाटला, असे तू लिहिलेस. ते वाचून आमचे हैदराबादचे सामान इथे कसे पोहोचले ते तुला सविस्तर सांगावे असे मनात आले. त्या वेळी तू परदेशात होतास आणि फोनवर आम्ही तुला केवळ 'सगळे नीट पोहोचले' एवढेच सांगितले होते. ते खरे नव्हते.

आमचा माणूसही बोलण्यात बराच होता. घरी येऊन सामान पाहण्याऐवजी त्याने फोनवरच अंदाज घेतला आणि ३२ हजार रुपये सांगितले. ही रक्कम आमच्या एकट्याच्या गाडीची नसून दुसऱ्याच्या मालासोबत जाणाऱ्या भागातल्या जागेची आहे, हे आम्हांला सामान चढवताना कळले. बिलात ई-वे बिलाचे, म्हणजे माल नेताना काढाव्या लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाचे, म्हणून १,५०० रुपये निराळे लावलेले होते. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही, हे तुझ्या बाबांना पुढे एका ओळखीच्या कर सल्लागाराने सांगितले. विम्याचेही पैसे घेतले गेले, परंतु पॉलिसीचा कागद कधी हाती आला नाही आणि आम्हीही तो मागितला नाही.

सोलापूरला आमचे सामान एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत भरले गेले. ऑगस्टचे दिवस होते आणि दुसऱ्या गाडीची ताडपत्री एका कोपऱ्यात फाटलेली होती. पुढे छत्रपती संभाजीनगरला पोहोचल्यावर, कन्नडच्या घाटात जड वाहनांना बंदी असल्याने शिऊर, न्यायडोंगरीच्या रस्त्याने वळसा घालून यावे लागेल, असे चालकाने फोनवर सांगितले आणि त्या वळशाचे ७ हजार रुपये वेगळे मागितले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने ती बंदी २०२३ पासूनच लागू आहे. त्यामुळे हैदराबादहून चाळीसगावमार्गे येणाऱ्या मालाचा दर ठरवणाऱ्या कंपनीला ती ठाऊक नव्हती, असे मला आजही वाटत नाही. सामान अडकवून ठेवलेल्या माणसाशी वाद घालण्याचे बळ मात्र त्या क्षणी आमच्यात नव्हते.

गाडी रात्री साडेनऊला दारात आली. वीज गेलेली होती, आणि हमालांना परतायची घाई होती. तुझ्या बाबांनी मोबाइलच्या उजेडात 'माल सुस्थितीत मिळाला' या छापील ओळीखाली सही केली. या सगळ्या प्रकारातली आमची सर्वांत मोठी चूक ही, आणि ती मी तुला मुद्दाम सांगते आहे, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी आमच्या हातात नव्हत्या, ही मात्र होती.

सकाळी पाहतो तो स्टीलचे कपाट वाकलेले. स्कूटरच्या टाकीत राहिलेले पेट्रोल गादीवर गळलेले होते, आणि त्या वासापायी ती गादी आम्हांला अखेर टाकून द्यावी लागली. फ्रिज आडवा टाकून आणला होता आणि मी पहाटेच घाईने तो सुरू केला. आडव्या आणलेल्या फ्रिजला काही तास उभा ठेवल्याशिवाय सुरू करायचे नसते, हे दुरुस्तीवाल्याने सांगितले तेव्हा त्याचा कॉम्प्रेसर गेलेला होता. माझ्या बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) डबा पावसाने भिजून बुरशीला गेला. मौज अशी, की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मांड्यांसाठी मी जपलेले मातीचे खापर, ज्याला 'खानदेशातच मिळणारे खापर खानदेशात वाहून नेणारी तू एकटीच' म्हणून तुझे बाबा हसले होते, ते गोधडीत गुंडाळलेले तसेच अखंड निघाले.

एकूण ४७ नगांपैकी ४६ आले. न आलेल्या खोक्यात मिक्सर आणि माझी पितळी भांडी होती, परंतु कंपनीच्या यादीत त्यापुढे केवळ 'इतर' असे लिहिलेले होते आणि त्या यादीवरही सही आमचीच होती. तक्रार केली तेव्हा 'इतर' म्हणजे जुन्या चादरी नव्हत्या हे सिद्ध करा, असे आम्हांला सांगितले गेले. २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्याप्रमाणे दावा लावण्याआधी मालाचे बुकिंग केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. ती आम्ही मुदतीत दिली, आणि बऱ्याच पत्रव्यवहारानंतर साडेचार हजार रुपये मिळाले. त्याच कायद्याखालच्या नियमांप्रमाणे, मालाची जास्त किंमत आधी लिहून दिलेली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंत असते. पण ज्या खोक्यातले सामान कागदावर नव्हते त्याला हे नियम तरी काय करणार?

म्हणून तू दर ठरवण्याआधी माणसाला घरी बोलावून सामान दाखव, गाडी आपल्याच सामानाची की भागातली हे बिल्टीवर (वाहतूकदाराच्या माल-पावतीवर) लिहून घे, प्रत्येक खोक्यात काय आहे ते स्वतःच्या अक्षरात यादीत लिही, आणि विम्याची पॉलिसी हातात येईपर्यंत पैसे देऊ नकोस. गॅसचा सिलिंडर सामानात घालू नकोस. तो एजन्सीकडे जमा करून जोडणी हलवण्यासाठीचे व्हाउचर घे. मोटारसायकल तिकडे वर्षभराहून अधिक राहणार असेल, तर तमिळनाडूचा नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी लागणारे पुण्याच्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच घे. सामान उतरल्यावर हमाल कितीही घाई करोत, खोकी मोजून, जे फुटले ते पावतीवर लिहून, मगच सही कर.

यादी तयार झाली की तिचा फोटो मला पाठव. सूनबाईस व बाळास आशीर्वाद.

तुझी,
आई