आत्याचा वाटा

प्रिय आई आणि बाबा,

मृत्युपत्राचा मसुदा मिळाला. बाबा, वाडीचे तुम्ही दोन सारखे वाटे केलेत, एक धाकट्याला, एक मला. मुलीला मुलाइतकंच द्यायचं हे तुम्ही कुणी न सांगता ठरवलंत, याचा मला अभिमान वाटला. तरी माझा वाटा मी आत्ता घेणार नाही. कारण तुम्हा दोघांनाही ठाऊक आहे. आपल्या घरात तो विषय कधीच निघत नाही आणि फोनवर मला नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

आजोबा मृत्युपत्र न करता गेले. आपल्या ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. आजीचा तिसरा हिस्सा बाजूला काढला की उरलेल्यात निम्मं आत्याचं होतं. ती तेव्हा निर्मळला नांदत होती. वारसनोंदीचा कागद आहे म्हणून तुम्ही तिला बोलावलंत आणि तिने भावाच्या शब्दावर सही केली, ती हक्कसोडपत्रावर. आईने हे मला डोळ्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री सांगितलं. तिच्यावर रागवू नका, तिलाही ते पेलत नव्हतं.

बाबा, तुम्ही म्हणाल, याचं कुमसार, धर्मगुरूंपुढची पापाची कबुली, केव्हाच झालंय. मला माहीत आहे. परमेश्वराने तुम्हाला माफ केलं यावर माझा पूर्ण विश्वास आहे, त्यात मी तसूभरही कमी करणार नाही. पण या उपवासकाळात मी बायबलमधलं शमुवेलाचं दुसरं पुस्तक वाचते आहे आणि दावीद राजापाशी अडकून पडले आहे. नाथान संदेष्टा समोर येऊन उभा राहतो, दावीद म्हणतो, मी पाप केलं. लगेच उत्तर येतं की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. किती झटकन आली माफी! पण तलवार तुझ्या घरातून जाणार नाही, हेही नाथानाने त्याच भेटीत सांगितलेलं आहे. लहानपणी मला वाटायचं, हा काय न्याय? एका हाताने माफ करायचं आणि दुसऱ्याने मारायचं?

आता पुढचा अध्याय वाचताना वेगळंच दिसलं. दावीदाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारेवर, अत्याचार करतो. बापाच्या कानावर जातं. माझ्याकडच्या प्रतीत एवढंच लिहिलंय की राजा फार संतापला. पुढे काही नाही. ना मुलाला शिक्षा, ना मुलीला न्याय. का, ते लिहिलेलं नाही. माझं मन सांगतं की त्याची जीभच उचलली नसेल. ज्याने स्वतः उरीयाची बायको बथशेबा घेतली आणि उरीयाला लढाईत पुढे उभं करून मारवलं, तो मुलाला कोणत्या तोंडाने बोलणार? बाप गप्प राहिला म्हणून तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम दोन वर्षं दबा धरून बसला आणि मेंढरांच्या लोकरकातरणीच्या मेजवानीत त्याने अम्नोनाला मारवलं. मग तोच बापावर उठला. त्या बंडात त्याचा सल्लागार होता अहिथोफेल. अहिथोफेलाच्या मुलाचं नाव एलियाम, आणि बथशेबाच्या वडिलांचं नावही एलियाम. हा एलियाम एकच असेल, तर एका आजोबाने नातीचा हिशेब इतकी वर्षं मनात जपून ठेवला होता. यातलं एकही संकट आभाळातून पडलेलं नाही. सगळं घरातूनच उगवलं.

मागे धाकट्याने भागीदाराला अंधारात ठेवून टेम्पो स्वतःच्या नावावर करून घेतला, तेव्हा त्या मुलाची आई आपल्या ओट्यावर येऊन रडली होती. तुम्ही गावातले तंटे मिटवणारे, लोक तुमचा शब्द मानतात. त्या दिवशी तुम्ही काही न बोलता आत गेलात आणि रेडिओ लावलात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तुम्हाला त्याचं वागणं पटलं नव्हतं, हे तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरीही तुम्ही त्याला हटकलं नाहीत, आणि धाकटा त्या दिवशी जे शिकला ते आजतागायत विसरलेला नाही. ही किंमत सातबाऱ्यावर दिसत नाही, बाबा.

आणि बावखल, आपल्या वाडीतलं ते गोड्या पाण्याचं तळं. रस्त्याकडची बाजू बिल्डरला गेली तेव्हा ते बुजवलं गेलं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं आणि समुद्राचं खारं पाणी अडवून धरायचं. भराव पडल्यावर पहिली एक-दोन वर्षं काहीच झालं नाही. मग आपल्या विहिरीच्या पाण्याने चहातलं दूध फाटायला लागलं, डाळ शिजेना. त्यानंतर शेजारच्या वाडीतलं पाणी मचूळ झालं, आणि त्यांनी तर काहीच बुजवलं नव्हतं. पाप असंच मुरतं, असं मला वाटतं. ज्याने केलं त्याच्या कुंपणापाशी ते थांबत नाही, आणि वर सगळं सपाट, कोरडं, ठीकठाक दिसत असतं.

आई, आता तुझ्याशी बोलते. तुझी नजर गेली ती या पापाची शिक्षा, असं तू त्या रात्री म्हणालीस. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, आता देते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं: पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. तुझे डोळे काचबिंदूने गेले. तो बऱ्याचदा वेळेत कळत नाही, मी रोज वॉर्डात असे पेशंट बघते. देव असा वसुलीला येत नाही, ही भीती मनातून काढून टाक. तुझी किंमत वेगळीच आहे. लग्न होऊन आलीस तेव्हा पहाटे आत्याबरोबर मोगऱ्याच्या कळ्या खुडायला जायचीस, ती तुझी या घरातली पहिली मैत्रीण, हे तूच सांगतेस. आता सणाला तिचं नाव काढायचीही तुला चोरी.

माझंही यात काही आहे. यहेज्केल संदेष्टा स्पष्ट सांगतो की बापाच्या अधर्माचा भार मुलावर नाही, म्हणून दोष मी अंगावर घेत नाही. पण 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिकवणीत परिच्छेद 1459 आहे: पापक्षमेने पाप जातं, पापाने केलेली सगळी नासधूस मात्र भरून निघत नाही, शक्य तेवढी भरपाई करावीच लागते. आणि 2412 मध्ये परतफेडीची जबाबदारी फक्त घेणाऱ्यावर नाही, त्यातून ज्यांनी जाणूनबुजून फायदा घेतला त्यांच्यावरही टाकलेली आहे. माझी नर्सिंगची फी त्या विक्रीतूनच भरली गेली. तेव्हा मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. या कळण्यानंतर वाटा घेतला, तर तो मी डोळे उघडे ठेवून घेतलेला असेल.

मी तुम्हाला माफी विकत घ्यायला सांगत नाही. जकातदार जक्कयाच्या घरी येशू आधी उतरला. चौपट परत देण्याची भाषा जक्कयाने त्यानंतर केली. तुम्हालाही माफी आधीच मिळालेली आहे, म्हणून तर हे करण्याची ताकद तुमच्यात असेल असं मी धरून चालते.

वकील म्हणतात की आता कुणी दावा केला तरी चालणार नाही. चालणार नसेलही. आपल्याला दाव्याची वाट कशाला बघायची? माझ्या वाट्याला लिहिलेली विहिरीकडची बाजू आत्याच्या नावावर बक्षीसपत्राने करून द्या. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च मी करते. विकलेल्या भागाचे पैसे एकदम देणं तुम्हाला जमणार नाही, ते मी माझ्या पगारातून हप्त्याहप्त्याने देईन. धाकट्याशी मी बोलते, तुम्ही आत्ताच त्याला काही सांगू नका.

आत्या काय म्हणेल, मला माहीत नाही. कदाचित ती कागद घेईल आणि आपल्याला दारातूनच परत पाठवील. तिचा तो अधिकार आहे, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. आजीच्या मातीला ती चर्चच्या बाहेर, दफनभूमीच्या फाटकापाशी उभी होती आणि आपल्यापैकी कुणीही तिला आत बोलावलं नाही. तिने विसरावं, अशी मागणी आपण करू शकत नाही.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी मी पोहोचते. सातबारा, फेरफाराची नक्कल आणि हक्कसोडपत्राची प्रत लोखंडी ट्रंकेतून काढून ठेवा. संध्याकाळी निर्मळला जाऊ, तिघंही. आईला रिक्षात बसताना त्रास होतो, म्हणून मी गाडी सांगून ठेवली आहे. बाबा, तिथे बोलायचं तुम्हालाच आहे. मी आणि आई शेजारी बसू.

तुमची लेक