‘केदार’ हे स्पॅनिश क्रियापद शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

२०१९ च्या ऑक्टोबरमधली ती संध्याकाळ आठवते? स्पेनमधल्या सालामांकाच्या प्लाझा मायोर या मुख्य चौकात माझे वर्गमित्र पाऊण तास माझी वाट बघत उभे होते आणि मी खोलीत बसून होतो. आदल्या रात्री मेसेज आला होता, ‘केदामोस मान्याना आ लास थिंको?’ केदार या क्रियापदाचा मला एकच अर्थ माहीत होता, राहणे. उद्या पाच वाजता घरीच राहायचं, कुणीतरी येणार, असं समजून मी ‘सी’, म्हणजे हो, लिहून मोकळा झालो. ‘उद्या पाचला भेटायचं का?’ असं ते विचारत होते. कुठे, ते लिहिलं नव्हतं, कारण सालामांकात भेटायचं म्हणजे चौकातल्या घड्याळाखाली, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

रात्री तुम्हाला फोन केला तेव्हा मला रडू येत होतं. नवीन गावात झालेले पहिलेच मित्र, तेही आपल्या हातून दुखावले.

दुसऱ्या दिवशी बेकरीसमोरच्या बाकावर तुम्ही पावाची कागदी पिशवी मांडीवर सपाट केलीत आणि म्हणालात, ‘तू इंग्रजीतून अर्थ लावतोयस. मराठीतून लाव.’ मग पेनाने एकेक वाक्य. ‘मे केदान दोस एउरोस’, माझ्याकडे दोन युरो उरलेत. इंग्रजीतून आलेला माणूस इथे ‘मी’ला कर्ता करायला जातो आणि अडकतो. आपण ‘उरलेत’ म्हणतो तेव्हा क्रियापद युरोंप्रमाणे बदलतं, स्पॅनिशमध्येही तसंच. ‘ते केदा ग्रांदे’, हा शर्ट तुला मोठा होतो. इथेही कर्ता शर्टच, तू नाहीस. ‘केदेसे कोन ला ब्वेल्ता’, सुट्टे राहू द्या. आणि मला सर्वांत आवडलेलं, ‘मे केदे मिरांदो’, मी बघतच राहिलो. हे ‘बघतच राहिलो’ मी लहानपणापासून हजारदा म्हटलं असेन. ते स्पॅनिशमध्ये जसंच्या तसं भेटेल असं कधी वाटलं नव्हतं.

मी विचारलं, भेट ठरणं आणि पैसे उरणं एकाच शब्दात कसं? तुम्ही सांगितलंत की हे क्रियापद लॅटिनमधल्या शांत, निवांत अशा अर्थाच्या शब्दातून आलंय. हलणारी गोष्ट स्थिरावली की केदार. बोलणं स्थिरावलं की भेट ठरते, खर्च थांबला की पैसे उरतात. पिशवीच्या कोपऱ्यात तुम्ही एक वाक्य अधोरेखित केलंत, ‘मी पुण्यात राहतो, इथे मात्र विविर!’ म्हणजे गावात वस्तीला राहणं याला केदार चालत नाही, विविर हे वेगळं क्रियापद लागतं. ते उद्गारचिन्ह अजून डोळ्यांसमोर आहे. त्या चुकीपासून तुम्ही मला आधीच वाचवलंत.

मग १४ मार्च २०२० ला स्पेनमध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि जिकडेतिकडे एकच वाक्य, ‘केदाते एन कासा’. घरीच थांब. आठ वाजता लोक बाल्कनीत येऊन डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवायचे, त्या विरल्या की तुमचा फोन यायचा. जेवलास का, हे आधी मराठीत, मग दिवसाचं सगळं स्पॅनिशमध्ये सांगायला लावायचात. त्या आठवड्यांमध्ये मी ती भाषा खरी बोलायला लागलो. एकटा पडलो नाही, तेही तुमच्यामुळे.

आता पुण्यात कुणी केदारपाशी अडलं की मी तीच वाक्यं सांगतो, त्याच क्रमाने. पिशवी माझ्या डायरीत आहे. तेलाचे डाग पसरलेत, पण अक्षर स्वच्छ वाचता येतं. शेवटची ओळ तुम्ही घाईत लिहिलीत, बस आली होती: ‘केदा पोर आथेर’, करायचं राहिलंय.

ताई, तुमचे आभार मानायचे राहिले होते.

तुमचा,
घड्याळाखाली न आलेला विद्यार्थी